मास्तरांची शेवटची पट्टी

चित्र कोणतंही असो, ते बघायला मास्तर आधी खोलीच्या बाहेर जायचे. जिन्याच्या वरून दुसऱ्या पायरीवर उभं राहायचं, डावा डोळा मिटायचा, उजव्या डोळ्यावर मुठीची नळी धरायची आणि दारातून आमच्या मॉनिटरकडे बघायचं. जिना चढून येणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा त्यांच्या पाठीवरच आपटायचं. मास्तर वळायचे आणि रामराम-नमस्काराच्या आधी विचारायचे, "कोण बगणार? आन् कुठून बगणार?" नव्या माणसाला वाटायचं, हा इथला वॉचमन आहे आणि जरा भ्रमिष्ट आहे.

वॉचमन नव्हते ते. लातूरच्या शिकवण्यांच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं आणि त्या ऑफिसचं पोट मास्तरांच्या हातावर चालत होतं. मालकाला सगळे भाऊ म्हणायचे. मी मूळची नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले, सिव्हिलचा डिप्लोमा होता म्हणून भाऊंकडे इमारतींचे नकाशे काढायला लागले. मी नकाशा द्यायचा आणि मास्तरांनी त्यावरून संगणकात इमारत उभी करायची, भोवती झाडं, टेकड्या, आभाळ करायचं आणि मग मशीनला सांगायचं, काढ चित्र. या शेवटच्या कामाला रेंडर म्हणतात. मशीन एकेका ठिपक्यावर उजेड कसा पडेल ते शोधत बसतं. आकडा मोठा टाकला तर चित्र नितळ येतं, पण दिवस जातो. आकडा लहान टाकला तर तासाभरात चित्र हातात, पण त्यावर बारीक वाळू उडवल्यासारखे दाणे दिसतात. म्हणून सगळे त्यांना रेंडरमास्तर म्हणायचे. त्यातला 'मास्तर' मात्र जुना होता. औशाकडच्या एका विनाअनुदानित शाळेत त्यांनी नऊ वर्षं चित्रकला शिकवली होती, अनुदान येईल या आशेवर. अनुदान आलं नाही. मास्तर संगणक शिकले.

ती वर्षं शिकवणीवाल्यांची होती. इंगळे सरांची केमिस्ट्री, अमुक सरांची बायोलॉजी, आणि प्रत्येक सराला आपापली चार मजली इमारत हवी. पाया खणायच्या आधी चित्र हवं, आणि चित्रात लॉन, नारळासारखी उंच पामची झाडं आणि कारंजं. आठ-आठ दिवस नळाला पाणी नसलेल्या गावात आम्ही रोज कारंजी उडवत होतो. एकदा एका सरांनी इमारतीच्या मागे बर्फाचे डोंगर मागितले. मास्तर म्हणाले, "डोंगर देतो, पर ते औशाच्या दिशेला येतील. लोकं इचारतील." ते सर हसले नाहीत. "आन् पाण्याला लई वेळ लागतो सर," मास्तर पुढे म्हणाले. "खऱ्याला बी लागतो, चित्रातल्याला बी."

तरी घाई करायला मास्तर कचरायचे नाहीत, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, ते कलेचे मोठे पुजारी वगैरे होते. रस्त्यावरच्या होर्डिंगचं काम असलं की ते लहानात लहान आकडा टाकून चाळीस मिनिटांत चित्र फेकून द्यायचे. "ऑटोतून बगणार. ऑटो काय थांबत न्हाई. दाणे असूद्या." डोळा जिथे थांबतो तिथे वेळ घालायचा आणि बाकीच्या जागी वेळ वाचवायचा, एवढंच त्यांचं शास्त्र. ते त्यांनी मला शिकवलं आणि मी ते चांगलं शिकले. दुर्दैवाने फार चांगलं शिकले.

विजेचा छळ वेगळाच. मास्तरांच्या टेबलासमोर भारनियमनाचं वेळापत्रक चिकटवलेलं असायचं आणि ते देवाच्या फोटोसारखं रोज पुसलं जायचं. चालू रेंडर वीज गेली की मेलं, पुन्हा पहिल्यापासून. यावर त्यांनी तोड काढली होती. मोठं चित्र ते आडव्या पट्ट्यांत कापायचे. दोन अंधारांच्या मधे जेवढी वीज मिळेल तेवढ्यात एक पट्टी बसवायची, जपून ठेवायची, मग दुसरी. शेवटी सगळ्या पट्ट्या एकाखाली एक जोडायच्या. कोणत्या पट्टीला मोठा आकडा, कोणत्या पट्टीला लहान, हे ते एका वहीच्या पानावर लिहायचे. आभाळाला नेहमी लहान. "आबाळ काय कुणी जवळून बगत न्हाई," म्हणायचे.

मास्तर तेरणेकाठचे. भूकंपात जी गावं गेली, त्यांतलं एक त्यांचं. ते तेव्हा लातूरला खोली करून राहत होते, गणपतीची मिरवणूक बघायला म्हणून त्या रात्री गावी गेले नाहीत. आई पहाटे बाहेरच्या बाजूला गेली होती म्हणून वाचली. नऊ वर्षांची बहीण, मंगल, घरात झोपली होती. माळवदाचं घर, वर कमरेएवढी माती. दोन दिवसांनी सापडली. हे मला मास्तरांनी एकदाच सांगितलं, तेही की-बोर्ड साफ करता करता. पुढे नवं गाव जुन्या गावापासून लांब, माळावर वसलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, घरांना नंबर. मास्तरांची आई त्या गावात राहायची आणि पत्ता विचारला की नंबर न सांगता म्हणायची, "तात्पुरतं ऱ्हातो हितं."

त्या गावच्या लोकांनी ठरवलं की येत्या स्मृतिदिनाला सभागृहात जुन्या गावाचं मोठं चित्र लावायचं. सगळ्या गावाचा असा एकही फोटो कुणाकडे नव्हता. लग्नातले फोटो होते, त्यात मांडव दिसायचा. गाव दिसत नव्हतं. सरपंच मास्तरांकडे आले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच कोण बघणार, कुठून बघणार हे विचारलं नाही. भाऊंनीही परवानगी दिली, कारण फ्लेक्सच्या खाली 'सौजन्य' म्हणून एका शिकवणीचं नाव येणार होतं आणि त्या सरांच्या नव्या इमारतीचं काम आमच्याकडेच होतं.

ऑगस्टात एका दुपारी जीप भरून गावची म्हातारी माणसं आली. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मॉनिटरसमोर बसली आणि भांडायला लागली. पिंपळ डावीकडं. न्हाई, उजवीकडं. वेशीच्या कमानीवर घोडा हुता. घोडा कुठला, हत्ती हुता. बारवेला किती पायऱ्या यावरून दोघा चुलतभावांची तर बोलाचालीच बंद झाली. मास्तर न कंटाळता पिंपळ इकडून तिकडे नेत होते. देऊळ, वेस, पाटलाची माडी, बारव, बाजाराची जागा, सगळ्यांवर बोटं ठेवली गेली. चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, ओढ्याच्या अलीकडे वेशीबाहेर, पंधरा-सोळा घरं होती. बौद्धवस्ती. तिकडे कुणाचं बोट गेलं नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं का? खरं सांगायचं तर नाही. मीसुद्धा वरचंच बघत होते.

मग मास्तरांनी त्यांना दाखवायला म्हणून लहान आकडा टाकून एक झटपट चित्र काढलं. घरांना अजून रंग नव्हते, सगळं राखाडी, आणि वर दाणेच दाणे. पडद्यावर ते उमटलं. कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी तोंडावर पदर घेऊन उठलीच. "ही तर ती सकाळ हाय," म्हणाली. "हाच धुरळा हुता. बंद कर रे बाबा, बंद कर." मास्तरांनी मॉनिटरचं बटण दाबलं. म्हाताऱ्यांना उसाचा रस पाजायला म्हणून ते खाली घेऊन गेले ते तासाभराने परत आले.

त्या दिवसापासून मास्तर बदलले. जो माणूस चाळीस मिनिटांत होर्डिंग फेकायचा, तो एका भिंतीवरच्या सावलीसाठी अख्खी दुपार घालवायला लागला. "एक दाणा दिसता कामा न्हाई ताई," मला म्हणाले. "दाणा दिसला की त्यांना त्योच दिवस दिसणार." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "माझी माय बी यायलीय बगायला. तिचं एकच म्हननं हाय. मंगल दिसली पायजे. फोटू तर एक बी न्हाई तिचा. मायनं सांगितलं तशी केली म्या. गणपतीला घेतलेला पिवळा झगा हाय अंगात." मी म्हटलं, छान. कुठे केली आहे, हे विचारलं नाही. इमारतीच्या नकाशात जिना विसरला होता, त्याला जागा शोधायच्या नादात होते.

चित्राच्या आठ पट्ट्या केल्या होत्या. मास्तरांनी सगळ्यांत मोठा आकडा आठव्या, सगळ्यांत खालच्या पट्टीला टाकला. मला नवल वाटलं. देवळाच्या पट्टीला त्याच्या निम्मा आणि खालच्या धुळीच्या रस्त्याला एवढा? विचारलं तर म्हणाले, "खालची पट्टी हाताच्या अंतरावरून बगणार हायत. आन् सावलीत दाणे लई येतात." मला ते पटलं नाही. फ्लेक्स भिंतीवर लागतो. खालच्या बाजूला लोक बघतात ते सौजन्याची ओळ, असा माझा अनुभव. पण मास्तरांशी त्या दिवसांत वाद घालण्यात अर्थ नव्हता.

सात पट्ट्या झाल्या. स्मृतिदिनाला दोन दिवस राहिले. आठवी पट्टी लावून मास्तर सभागृहातली चौकट बसवून घ्यायला गावी गेले. जाताना मला म्हणाले, "हिला हात लावू नका. उद्या दुपारची लाईट जायच्या आत हुतंय. झालं की जोडून छापायला धाडा." दुसऱ्या दिवशी सकाळी वेळापत्रकात नसताना वीज गेली आणि यूपीएसनेही मान टाकली. पट्टी अर्ध्यात मेली. वीज आली तसे भाऊही आले. शिकवणीच्या सरांना इमारतीच्या चित्रात कारंजं दुसऱ्या बाजूला हवं होतं आणि ते संध्याकाळीच हवं होतं, दसऱ्याची जाहिरात जायची होती. "मॅडम, ते मशीन मोकळं करा," भाऊ म्हणाले. "गावाचं चित्र आता हाय तसं जाऊ द्या. लोकांना काय कळायलंय?"

मास्तरांना फोन लावायला हवा होता. लावला नाही. ते नाही म्हणणार, भाऊ ओरडणार आणि मधे मी सापडणार, हे मला दिसत होतं. शिवाय मला, आता लिहिताना लाज वाटते, पण मला स्वतःच्या हुशारीचा थोडा आनंदही झाला होता. मी विचार केला, डोळा कुठे थांबेल? देवळावर, वेशीवर, बारवेवर. त्या पट्ट्या झाल्याच आहेत. खालच्या कोपऱ्यातल्या वेशीबाहेरच्या घरांकडे कोण बघतंय? आठव्या पट्टीचा आकडा मी उतरवला, टेस्टसाठी टाकतात तेवढा केला. दाणे येतील म्हणून दाणे पुसून सगळं गुळगुळीत करणारा फिल्टर लावला. मास्तरांना त्या फिल्टरचा राग होता, म्हणायचे, "दाण्यासंगट दाणागोटा बी पुसून न्हेतो त्यो." पन्नास मिनिटांत पट्टी झाली. सवयीने फाईल सेव्ह केली, पट्ट्या जोडल्या, छापायला पाठवल्या. लांबून छान दिसत होतं. मी जिन्यावर जाऊन बघितलं होतं.

स्मृतिदिनाला आम्हीही गेलो. फ्लेक्स भिंतभर होता, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर सुरू होणारा. पडदा सरकवला आणि माणसं अक्षरशः चित्राला जाऊन भिडली. कुणी भाषणं ऐकेना. जो तो आपलं घर बोटाने शोधत होता. म्हातारे गल्लीगल्लीतून बोट चालवत होते, नातवंडांना दाखवत होते. घोडा की हत्ती हा वाद पुन्हा सुरू झाला. ऑगस्टात पदर घेऊन उठलेली म्हातारी देवळापाशी उभी राहून हसत होती. मंचावर भाऊंना, मास्तरांना आणि मला शाल-नारळ दिला. "मॅडमनी वेळेत काढून दिलं, म्हणून आज हे दिसायलंय," भाऊ माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. मी नारळ घेतला.

मंचावरूनच मला मास्तरांची आई दिसली. बारकी, वाकलेली, निळं लुगडं. ती देवळाकडे, वेशीकडे गेलीच नाही. सरळ उजव्या कोपऱ्यात जाऊन खाली बसली. ओढ्यावरून तिचं बोट निघालं, वस्तीतल्या चिंचेवरून वळलं, तिसऱ्या घराच्या दारात थांबलं. तेव्हा मला कळलं, मंगल कुठे केली होती. मास्तर मंचावरून उतरून तिच्यामागे जाऊन उभे होते. मीही गेले.

"आरं, हितं कुणी न्हाई," ती म्हणाली.

"हाय की माय. सावलीत बसलीय. उंबऱ्यावर बग."

"पिवळं काय तरी सांडल्यावानी हाय. पोरगी कुठंय?"

मास्तर वाकले. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. दाराच्या सावलीत एक पिवळसर ओघळ होता, भिंतीच्या रंगात मिसळत गेलेला. तोंड नाही, हात नाही, काही नाही. त्याच्या वीतभर खाली सौजन्याची ओळ होती आणि तिच्यातलं अक्षर न् अक्षर लख्ख होतं, फोन नंबरासकट. म्हातारीला वाटलं, वर काहीतरी डाग पडलाय. तिने पदराचं टोक थुंकीने ओलं केलं आणि ती जागा पुसली. पुन्हा पुसली. मग मास्तरांनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे बाबा," तीच त्यांना म्हणाली. "तवा बी लवकर कुठं गावली हुती."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मास्तरांनी फाईल उघडली. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. आठव्या पट्टीपुढे माझा आकडा होता आणि फिल्टरच्या चौकटीत माझी खूण. त्यांनी दोन्ही बघितलं. मग म्हणाले, "ताई, माझ्याच हातनं झालं. टेस्टचा आकडा तसाच ऱ्हायला. ह्यो फिल्टर बी काढायचा ऱ्हायला. ध्यान कुठं हुतं माझं कुणास ठाऊक."

मी म्हणाले, "होतं असं कधी कधी."

नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी त्यांचं सांत्वन केलं.

त्यांनी ती पट्टी पुन्हा काढली. वीज सांभाळत, चार दिवस घालून. ती मी बघितली. आता बघावंच लागलं. उंबऱ्यावर बसलेली मुलगी, एका पायात चप्पल, दुसरी हातात, बाहेर कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वर केलेली. एक दाणा नव्हता. मास्तर वीतभर कागदावर ती छापून घेऊन गावी गेले. आईने कागद हातात घेतला नाही. म्हणाली, "आता गावात न्हाई तर कागदावर कशाला?" सभागृहात ती पुन्हा गेली नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात वारली.

मास्तरांनी तोवर आमचं ऑफिस सोडलं होतं. एका शिकवणीच्या हॉस्टेलवर रेक्टर म्हणून लागले. भाऊ म्हणाले, बरं झालं, हल्ली फार वेळ लावायचे. नवा माणूस आला, तो सगळ्यालाच फिल्टर लावायचा. मास्तरांनी पुन्हा चित्र केल्याचं मी ऐकलं नाही. कधी कधी मला वाटतं, त्या दिवशी त्यांना सगळं कळलं होतं. ऑफिसात त्या मशीनला हात लावणारे आम्ही दोघंच होतो. आपण टाकलेला आकडा तो माणूस विसरणार होता होय? कळूनही त्यांनी स्वतःवर घेतलं असेल, मला बोलायला जागा ठेवली असेल. पण हा विचार मी फार वेळ करत नाही. त्यांनी खरंच स्वतःची चूक मानली, या दुसऱ्या विचारापेक्षा तो जड आहे.

पुढे नवऱ्याची बदली नांदेडला झाली. मास्तर मला शेवटचे भेटले ते नांदेडच्या बसस्टँडवर. एका लग्नाला आले होते, लातूरजवळच्या मुरुडच्या कुणाच्या तरी. केस पांढरे झालेले, सदरा मात्र तसाच इस्त्रीचा. मला म्हणाले, "अजून त्येच काम करायलाव का? आता रेंडरला किती वेळ लागतो?"

"आता मिनिटांत होतं, मास्तर. मशीनं फार पुढे गेलीत. वीजही जात नाही."

"चांगलं झालं," ते म्हणाले. खरंच आनंद झाल्यासारखे म्हणाले. लातूरची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. पिशवी उचलता उचलता ते थांबले. "ताई, त्या पट्टीला मी आनखी थोडं ध्यान द्यायला पायजे हुतं बगा. माझीच गल्ली, आन् माझ्याच्यानं निगली न्हाई."

आजूबाजूला ऐकणारं कुणी नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, दोन्ही डोळे उघडे ठेवून. गाडी सुटायला पाच मिनिटं तरी होती आणि मला लागणार होतं एक वाक्य.

मी म्हणाले, "जागा धरा मास्तर, गर्दी आहे."

त्यांनी मान हलवली, जाऊन गाडीत बसले. दोन वर्षांनी ते गेल्याचं मला भाऊंच्या फोनवरून कळलं.